पाच पिशव्यांतली सुकट

रविवार, १० ऑगस्ट, ग्वेल्फ, कॅनडा

फ्रान्सहून येऊन तीन दिवस झाले तरी माझा राग उतरत नाहीये. लियाँच्या बाजारात निखिल एका चीजसाठी वीस मिनिटं रांगेत उभा राहिला. कसला वास तो! आठवडाभर बुटात राहिलेल्या मोज्यांचा. शेजारी एक बाई कुत्र्याला भाजीच्या टोपलीत बसवून हिंडत होती, त्या कुत्र्यानंसुद्धा तोंड फिरवलं. आमचा नवरा मात्र डोळे मिटून म्हणाला, "वॉव, काय कॅरेक्टर आहे!" आणि अर्धा किलो बांधून घेतलं.

हाच माणूस, आईनं अलिबागहून दिलेली सुकट मला वर्षभर भाजू देत नाहीये. "अगं, कॉन्डो आहे हा. कॉरिडॉरमध्ये वास जातो, लोक कम्प्लेंट करतील." म्हणून ती बिचारी एकात एक अशा पाच पिशव्यांत, फ्रीझरच्या तळाशी. आणि मी ऐकत आले. का ऐकलं मी?

आज फ्रिज उघडला तर दुधालासुद्धा चीजचा वास. बस्स! सुकट काढली, तव्यावर खमंग भाजली, वर कांदा, हिरवी मिरची, लिंबू. तेवढ्यात निखिल जिममधून आला.

"अगं, लिफ्टपर्यंत वास येतोय!"

"कॅरेक्टर आहे," म्हटलं.

भाकरीबरोबर त्यानंच दोनदा मागून घेतली. म्हणून काही मी विरघळले नाही. पाचही पिशव्या रिकाम्या झाल्याच होत्या. त्याचं चीज त्यांत बांधलं आणि फ्रीझरच्या तळाशी ढकललं.