लोखंडी दाढी आणि माझे डगले

३ जुलै
परत एक मोहर कमी! संगणकावरच्या खेळाच्या बाजारात मी लांडग्याच्या लोकरीचा डगला चारशे मोहरांना लावला. चहा ओतून येते तर त्या ‘लोखंडी दाढी’ नावाच्या खेळाडूनं तसलाच डगला तीनशे नव्व्याण्णवला लावलेला. कोण आहे हा मेला?

ग्लेनिस म्हणते, “उतरव की गं भाव. खेळच तर आहे!” खेळातल्या आमच्या टोळीची म्होरकी ती. दोन घरं पलीकडे राहते, खेळ तिनंच शिकवला. पण नाही. लोकर आणि रंगालाच अडीचशे जातात. उतरवणार नाही!

५ जुलै
क्लाइव्हचं सुरू — “नवऱ्याचा स्वेटर उसवलाय, आणि बाईसाहेब राक्षस मारणाऱ्यांना डगले विणतायत!” विणतेच. तू थंडीनं मेलास तर बघू.

रोजच्यासारखे दोन डगले टोळीच्या कोठीत टाकले — फुकट. “नवी पोरं बर्फात कुडकुडतात गं,” ग्लेनिस म्हणते. कोठीची किल्ली तिच्याकडे, वाटते तीच.

मंगळवार, ८ जुलै
अमेरिका झोपलेली असते तेव्हा खेळाची दुरुस्ती, म्हणजे इथे जगाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या बर्नी गावात ऐन संध्याकाळी सगळं बंद. त्याआधी सगळे घाबरून भाव पाडतात. मी हात आखडते, खेळ उघडला की माल लावते. तेव्हा जो तो बर्फातल्या किल्ल्याकडे धावतो, भाव कोण बघतो!

आज मात्र दाढी माझ्याही आधी हजर. दोनशे! लोकरीचेही पैसे सुटत नाहीत त्यात. ह्याला लोकर फुकट मिळते की काय?

९ जुलै
एकच डगला दीडशेला लावला — आमिष म्हणून. दाढीनं सवयीनं अख्खा साठा एकशे एकोणपन्नासला ओतला. एका दमात सगळे घेतले! गाठीशी काही उरलं नाही, पण जीव गार झाला. आता बाजारात डगले फक्त माझे. भाव? चारशे!

१० जुलै
माल हातात आला. विणणाऱ्याचं नाव डगल्यावर असतं, पण ते विकत घेतल्यावरच दिसतं. एकेक उलटून बघितला. सगळ्यांवर माझंच नाव. हे मी कोठीत टाकलेले!

संध्याकाळी ग्लेनिसचा फोन. “कोठीत आज काही टाकलं नाहीस गं?”

“लोखंडी दाढीला विचार,” म्हटलं.

“किटली शिट्टी मारतेय गं,” म्हणत तिनं घाईनं फोन ठेवला.

डगले चारशेलाच आहेत.