राजीखुशीने, अक्कलहुशारीने

११ जून २००८

शी! आज चार हक्कसोडपत्रं. चार बहिणी, चार भाऊ आणि मजकूर एकच — मी फक्त नावं आणि गट नंबर बदलते. 'वडिलांच्या शेतीतला माझा हक्क मी भावाच्या लाभात राजीखुशीने व अक्कलहुशारीने सोडत आहे.' अक्कलहुशारीने! अंगठा लावून झाल्यावर एकीनं मला विचारलं, "बाई, हा कायचा कागद होय?"

टाईप करणं आणि वाचून दाखवणं, दोन्ही माझंच काम. गुलाबचंद वकील आतून ओरडतात, "रचना, जल्दी पढ़ो! कथा नहीं बाँचनी है." मी भरभर वाचते. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

१२ जून

सकाळी साडेसातला लॉ कॉलेज, अकराला ऑफिस. रेणूला ताप. संघदीपनं राईस मिलला दांडी मारली आणि तिला मांडीवर घेऊन बसला. "तू जा, लेक्चर बुडवू नको." असा नवरा किती जणींना मिळतो?

३ सप्टेंबर

आज वर्गात हिंदू वारसा कायदा. मुलीचा वाटा मुलाइतकाच. आपल्या बौद्धांनाही हाच कायदा. मागून एक जण म्हणाला, "मंग बहिणीले राखीले बोलवाचं कायले?" सगळे हसले. सरसुद्धा! हे उद्याचे वकील. किळस आली.

१९ जानेवारी २००९

नागऱ्याच्या जमुनाबाईला भावानं जीपमधून आणलं. नवी साडी नेसवलेली, पदराला दुकानाची चिठ्ठी तशीच. आज मी मुद्दाम हळू वाचलं. मग साध्या शब्दांत सांगितलं — मावशी, हा अंगठा दिला की बापाच्या जमिनीत तुमचं काही उरत नाही.

ती पदर सारखा करत म्हणाली, "मालूम हाय ना बाई. पण नाई म्हटलं त मायेरी मले कोन पाणी देईन? तू देशील?"

अंगठा लावला. भावानं सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या टेबलावरचा पेढा तसाच राहिला, मुंग्या लागल्या.

२० जानेवारी

गुलाबचंद वकील — "ज्यादा समझाना नहीं. समझाओगी तो धंदा बंद करोगी."

२४ जुलै

पास!! माहेरी पहिली पदवी माझी, आता सासर-माहेर मिळून पहिली वकील मीच! चिचगडहून नणंदेचा, स्नेहलचा फोन. "जयभीम वहिनी! गावभर सांगून राहिली मी, आमच्या घरी काळा कोट आला म्हणून!"

रेणूनं विचारलं, "आई, आता अभ्यास संपला?" तिचं पाच वर्षांचं बालपण मी पुस्तकाच्या कडेनं पाहिलं.

१५ नोव्हेंबर

सनद आली. टायपिंग सोडलं. चहा घेताना संघदीपला म्हटलं — मी दारावर पाटी लावणार, इथे हक्कसोडपत्र लिहून मिळणार नाही!

तो हसला. मग वैतागला. "लय झाली तुझी भाषणं. बाबाची चार एकर माझ्या एकट्याच्या नावानं कशी झाली, कधी विचारलं काय? स्नेहलनं सही देली. आन कागद त तूच टाईप केलता!"



१६ नोव्हेंबर

पेटीतून दस्त काढला. नोव्हेंबर २००६. ऑफिसातला माझा तिसरा आठवडा. नमुन्यावरून शब्दाला शब्द उतरवला होता, अर्थ कळत नव्हता. सासू-सासरे दोघंही गेलेले, वारस हे दोघं भाऊबहीण. संघदीप म्हणाला होता, बाबांचं नाव काढून वारसांचं लावायचं आहे. तेच मी स्नेहलला सांगितलं. मीच! तिच्या खांद्यावर बाळ रडत होतं. "तुमी हाव ना वहिनी, मंग वाचाचं कायले?" म्हणाली आणि सही केली. बाकीच्या बायांना निदान भरभर तरी वाचून दाखवलं. तिला तेवढंही नाही.

खाली साक्षीदार क्रमांक एक — माझी सही. गोल, ठसठशीत, पुढे 'बी.ए.' लिहिलेलं! नवी नवी पदवी, मिरवायची होती.

संघदीपला विचारलं, तुला ठाऊक होतं ना? म्हणाला, "सगळेच करतात. भाऊ हावो मी तिचा, दुश्मन नाई." याच हातांनी त्यानं रेणूच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. आज त्या हातांनी वाढलेला भात गिळवेना. आणि माझे हात?

२२ नोव्हेंबर

एकटीच चिचगडला गेले. स्नेहल अंगणात धान पाखडत होती. तिच्यापुढे बसून सगळा दस्त वाचला, पहिल्या ओळीपासून, सावकाश. सूप थांबलं.

"दादाले मालूम होतं?"

हो.

"आन तुमाले?"

नव्हतं, असं म्हणता आलं असतं. म्हटलं — मला कळून घ्यायला हवं होतं.

ती उठली, चहा मांडला. माझ्या बशीत बिस्किटंही ठेवली. त्याचीच जास्त लाज वाटली.

७ डिसेंबर

स्नेहल आली. दस्ताची नक्कल काढून आणलेली. संघदीपच्या देखत माझ्यापुढे ठेवली. "वहिनी, दावा टाका. वकील तुमीच."

मी म्हटलं, वकील दुसरा बघू. या कागदावर मी साक्षीदार आहे, मला हा खटला लढता येत नाही. कोर्टात मी पहिल्यांदा उभी राहीन ती पिंजऱ्यात, कोट न घालता.

"चालते. पण दादाच्या तोंडावर खरं सांगाल ना?"

संघदीप माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं.