पोकळ बर्फ

कोस्की ओढा, उत्तर मिशिगन
७ एप्रिल

प्रिय रेनो,

तुझं पत्र मिळालं. आम्ही बरे आहोत, म्हणजे मी आणि गाय. ‘आम्ही’ लिहायची सवय अजून सुटत नाही. बर्फ वितळतोय, अंगणभर चिखल आहे. झाडं कुरतडणाऱ्या त्या बीव्हर प्राण्यांनी ओढ्यावर बांध पुन्हा घातला, तुझ्या कुरणात पुन्हा पाणी शिरलं, आणि तुझा तिळपापड झालाय म्हणे.

गुरुवारी गावसभेला मी यावं, असं तू लिहितोस. ‘बदकांचे शिकारी बांधामागचं तळं राखा म्हणून हटून बसलेत. पण ताई, या तळ्याने माझा नवरा गिळला, एवढंच तू म्हण, सगळ्यांची तोंडं बंद होतील.’ वाक्यसुद्धा तूच तयार करून पाठवलंस.

बांध जावा असं मलाही वाटतं. तळं झाल्यापासून ओढ्याचं पाणी कोमट झालं, ट्राउट मासे गेले. माझा ऊर्हो किती हळहळायचा! तरी डिसेंबरच्या सभेत त्यानेच सांगितलं, “बर्फ आहे तोवर बांधाला हात लावू नका रे. खालचं पाणी निघून गेलं की वर नुसता पोकळ बर्फ राहतो, आणि आपण सगळे त्यावरूनच ये-जा करतो.” सगळ्यांनी मानलं. हात तूही वर केला होतास.

जानेवारीत त्या सकाळी तू कॉफीला आलास. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तुझ्या बुटांचा काळा, ओला चिखल बघून मी खेकसले, “गोठ्यातून आलास का रे?” तू “हो” म्हणालास. जमीन हातभर खोल गोठलेली असताना ओला चिखल आला कुठून, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

ऊर्हो टपाल आणायला निघाला, नेहमीसारखा तळ्यावरून. तू दारापर्यंत गेलास.

“सांभाळून जा हो, दाजी.”

“आज एवढी काळजी? म्हातारा दिसायला लागलो की काय मी?” म्हणून तो हसला.

तू परत येऊन बसलास आणि दुसरा कप मागितलास.

तळ्याच्या मध्यावर बर्फ खचला. खाली पुरुषभर पोकळी, आणि तळाला त्याला बुडवायला पुरेल एवढं पाणी. बांधाला भोक सापडलं तेव्हा सगळे म्हणाले, पाणमांजरांनी पाडलं असेल. तूही मान डोलावलीस. शवपेटीला खांदाही दिलास.

एक शब्द बोलला असतास, तर सभेचं ऐकलं नाही म्हणून चार शिव्या खाल्ल्या असत्यास. बस, एवढंच. त्या शिव्या तुला माझ्या नवऱ्यापेक्षा जड झाल्या, रेनो.

गुरुवारी मी येते. बांध काढा म्हणून हातही वर करीन. आता पाणी मोकळं आहे, सगळ्यांच्या देखत काढा. मग ऊर्हो कसा गेला ते सांगेन, माझ्या शब्दांत. आधी तुला उठून बोलायचं असेल तर बोल. तेवढं मी थांबेन.

गुरुवारपर्यंत तुझी ताई,
लेम्पी