खिडकीपाशी उभं राहायचा नंबर

सर,

आज तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता काही तुम्ही छडी घेऊन उठणार नाही, म्हणून हिंमत करते.

नववीत तुम्ही शिकवलं होतं, इंग्रजीत आफ्टर, बिफोर, विदाउट असे शब्द आले की त्यांच्यानंतरच्या क्रियापदाला आयएनजी लावायचं. "विदाउट आस्किंग! विचारल्याबिगर पाणी प्यायला जायचं न्हाई!" म्हणून स्वतःच हसायचात. आणि तुमचा कायदा असा, की चुकेल त्यानं तासभर खिडकीपाशी उभं राहायचं. मी "आय अ‍ॅम यूज्ड टू वॉकिंग" लिहिलं, कारण वाटूर फाट्यावरून रोज चालत यायची मला सवयच होती. तुम्ही वॉकिंग खोडलंत. "टू आला की साधं क्रियापद. ऊठ." मी उभी राहिले, रडले आणि ते कायमचं पाठ केलं.

दोन दिवसांनी तुम्ही वर्गात येता ते थेट खिडकीपाशी. दुखरा गुडघा हातानं धरलेला, एरवी त्यापायी खुर्ची सोडत नव्हतात. "सर, तुमी काहून उभे राह्यले?" कुणीतरी विचारतं. "आज माझा नंबर हाये. तू वाच मुकाट्यानं." आम्ही फिदीफिदी हसलो.

आता मी भोकरदन तालुक्यात इंग्रजीच शिकवते. शनिवारी एका मुलीनं तसंच वाक्य लिहिलं. मी तुमच्याच थाटात खोडलं, तिला तासभर उभं केलं. मधल्या सुट्टीत ती व्याकरणाचं पुस्तक घेऊन आली. "मॅडम, हितं तर सवय सांगताना टूनंतरबी आयएनजीच लावलंय." वाचलं आणि चटकन खिडकीपाशी धरलेला तुमचा तो गुडघा आठवला. अहो, तुम्हाला कळलं होतं! कुठं सापडलं? कुणाला विचारलंत? आणि अख्खा तास उभे राहिलात, तर तोंडानं का नाही सांगितलंत? तुमची चूक मी आजवर पोरांना शिकवून राह्यले ना!

लई राग आला तुमचा. पण मी त्या मुलीला काय म्हटलं, माहीत आहे? "छपाईची चूक असेल गं." ती "हो मॅडम" म्हणाली आणि माझ्यासमोरच पुस्तकातलं बरोबर वाक्य पेन्सिलीनं खोडलं.

हा कागद घडी घालून हजेरीपटात ठेवते. उद्या सोमवार. खिडकी आमच्याही वर्गाला आहे आणि माझे गुडघे ठणठणीत आहेत. पण उभं राहून तोंडही उघडावं लागेल, सर, त्याचीच भीती वाटते.