थंड लोखंड

डेट्रॉइट,
११ डिसेंबर १९२७

प्रिय ल्युडविकाताई,

तुला आणि दोघी पोरींना खूप प्रेम. माझा खोकला बरा आहे. घरमालकीणबाई रोज कोबी वाढते, आणि रविवारी बदल म्हणून कोबीचं सूप. पाकिटात नेहमीप्रमाणे नाताळची पवित्र पापडी आहे. रीतीप्रमाणे माझा तुकडा मोडून घेतलाय.

कारखान्यात काम तेच. रेडिएटरमध्ये हवा भरायची, टाकीत बुडवायचा आणि बुडबुडे येतात का ते बघत बसायचं. "मेहुणा बारा वर्षं पाण्याकडे बघण्याचा पगार खातोय," असं तेओफिलदाजी म्हणायचे. आठवतं ना?

तुझं पत्र तीनदा वाचलं. दाजींची गाडी तू स्वतः चालवायला शिकलीस, फार कौतुक वाटलं. पण नाताळला पोरींना चर्चला नेताना 'तुझ्या हीटरचं झाकण उघडून मस्त ऊबेत जाऊ' असं लिहिलंयस. ताई, ते झाकण उघडू नकोस. आधी उठ, गाडीची किल्ली कपाटात टाक, मग पुढचं वाच.

मी दाजींना दिलेला तो हीटर आमच्याच कारखान्यातला, इंजिनाच्या धुराच्या नळीवर बसतो. नळीभोवतीची हवा तापते आणि झाकण उघडलं की पायाशी येते. नळीचा जोड उसवला तर हवेबरोबर विषही येतं, आणि त्या विषाला स्वतःचा वास नसतो. गार असताना जोड घट्ट दिसतो, तापला की फट पडते. म्हणून हीटर आधी तापवायचा आणि तापलेला असतानाच तपासायचा, असा आमच्याकडे नियम आहे. आमचा मुकादम केसलर सारखा ओरडतो, "थंड लोखंड खोटं बोलतं, गाढवांनो!"

गेल्या वर्षी दाजींच्या नामदिनाला, त्यांच्या नावाच्या संताच्या सणाला, तो हीटर घेऊन यायचं होतं. हीटर तापवायची भट्टी विझली होती, माझी आगगाडी सुटायला आली होती. मी रेडिएटरवाला माणूस. हीटरही गारच माझ्या टाकीत बुडवला. एक बुडबुडा आला नाही. माझी टाकी कधी चुकत नाही, ही माझी घमेंड. वर तपासल्याचा माझा शिक्का मारला आणि निघालो.

फेब्रुवारीत दाजी रस्त्याकडेला गाडीत सापडले. इंजिन चालूच होतं. सगळे म्हणाले, हृदय बंद पडलं. तू मला हाताला धरून शवपेटीपाशी नेलंस. "बघ ब्रोनेक, गाल कसे लाल आहेत त्यांचे. निदान थंडी तरी नाही वाजली. तुझ्या हीटरची कृपा रे."

तो लाल रंग कशाचा, हे आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मला तिथेच कळलं, ताई. तरी मी होकाराची मान डोलावली. दहा महिने गप्प राहिलो. गाडी शेडमध्ये पडून आहे, कुणाला धोका नाही, अशी स्वतःची समजूत घालत होतो. खरं म्हणजे तू मला दुवा देत होतीस आणि मला तो हवा होता.

हीटर मेकॅनिककडून काढून घे. त्याशिवाय गाडी चालवू नकोस. पोरींना घोंगड्या गुंडाळ.

पापडी वाटून खाल्ली की एकमेकांना माफ केलं, असं आई म्हणायची. तुला ती खाववली नाही तर गाईला घाल, नाताळला तिचाही वाटा असतोच. मी विचारणार नाही. पण पुढच्या वर्षीही पाठवीन, आणि त्याच्या पुढच्याही.

ब्रोनेक
शिक्का क्रमांक १७