शर्टाच्या खिशातला कागद

कांचनचे आबा,

आठ दिवसांनी आज धुण्यापुरतं पाणी मिळालं, म्हणून तुमचा डेअरीत जायचा शर्ट भिजवायला घेतला. खिशात कांचनचा दवाखान्यातला कागद निघाला. खाली डॉक्टरांनी मराठीत लिहिलंय, हृदयाचा आजार आहे, पळणं कायमचं बंद, नाहीतर जिवाला धोका. तारीख पंधरा दिवसांपूर्वीची हाय. मला तुमी सांगितलं, रक्त कमी हाय, गूळ-शेंगदाणे देत जा. पोरगी रोज आठशे मीटर पळत राहिली आन् मी घड्याळ धरून उभी राहिले.

उद्या बीडला पळण्याच्या निवडीला ती जाणार न्हाई. शाळेत जाऊन सरांना सांगून आले. आमी दोघी उमापूरला माझ्या भावाकडं चाललो. संध्याकाळी टँकर येईल, दोन्ही बॅरल भरून घ्या. गाईला पाणी पाजलंय.

कागद तिला मीच दाखवला. तिनं दोनदा वाचला. रडली न्हाई. खुंटीवरचे पळायचे बूट काढून पिशवीत घातले. मग तिनं विचारलं, "आबांना ठावं होतं का?"

मी "न्हाई" म्हणाले. तुमच्यासाठी खोटं बोलले.

तुमी कावून लपवलं, ते मला सांगू नका, तिला सांगा. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं या. ती लई चिडंल, तोंड फिरवून बसंल. तरी उठून जाऊ नका. तिच्यापाशी बसून राहा.

छबू