गेंड्याचा जबडा पुण्याला चाललाय

प्रिय भूपाल,

सवयीने आधी 'चि.' लिहिले, मग खोडले. कागद खराब झाला, पण दुसरा घेत नाही. तू गेल्यापासून तुला पत्र लिहिण्याचा धीर झाला नव्हता. आज लिहितोय, कारण तुझे पुण्याचे सर दुपारच्या गाडीने आलेत, तुला सापडलेला तो जबडा त्यांच्या कॉलेजच्या संग्रहालयात न्यायला. आत्ता ते कृष्णेवर पाय मोकळे करायला गेलेत. ते परतायच्या आत तुझ्याशी बोलून घेतो.

सकाळी तुझ्या आईने मला सुनावले होते, "आवं, त्ये सर आज नेत्यात का बगा. न्हाईतर म्या कृष्णामाईत टाकून येते. माज्या लेकाचं आसामातनं काय बी हाती आलं न्हाई, आन् ह्या जनावराचं हाड मातूर घरात बसलंय!"

हिवतापाने गेलास, एवढीच तार. सगळे तिकडेच उरकले.

खरे सांगू? मला दोन्ही नको होते. कृष्णेतही नको आणि पुण्यालाही नको. तुझ्या सदऱ्यापेक्षा त्या जबड्यावरच तुझा हात जास्त फिरलाय. परसात गोणपाटाखाली होता, तर मी रोज उठून बघून यायचो. कुत्र्याने ओढला तर? गवंड्याने दगड समजून भिंतीत घातला तर? काळजी करणे हाच आता माझा धंदा झालाय. थकलो रे.

उंब्रजच्या खाली पुराने दरड ढासळली आणि त्यात तुला तो सापडला. पाट्यासारखा जड. मोटारीत कंडक्टरने विचारले, "मास्तर, काय हाय त्यात?" तू खरे सांगून मोकळा! "गेंड्याचा जबडा." शेजारचे लोक उठून गेले आणि ऐसपैस बसायला मिळाले, म्हणून हसत हसत घरी आलास.

पण जैनाच्या घरात हाड? आईने दारातच अडवले.

"आई, हाड न्हाई गं ऱ्हायलं त्ये. दगूड झालाय. हजारो वर्सं झाली त्येला."

"दगूड झाला तरी हाडाचाच न्हवं?"

शेवटी जबडा परसात गेला. तुलाही तिथेच अंघोळ घालून मग आत घेतले. शाळेत शास्त्र शिकवणारा मास्तर, आणि डोक्यावर आई तांब्या ओततेय! मी खांबाआड उभा राहून हसलो होतो. शेवटचा पोटभर तेव्हाच हसलो असेन.

हे वेड तुला देवळात लागले. श्रेयांसनाथ भगवंतांच्या मूर्तीखाली त्यांची खूण म्हणून गेंडा असतो. आपल्या देवळातल्या पाथरवटाने जन्मात गेंडा बघितला नव्हता. त्याने बैल कोरला आणि कपाळाच्या मधोमध शिंग ठोकून दिले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्यालाच हात जोडत आलो. तू एवढासा होतास, तरी विचारलेस, "अण्णा, ह्यो कुठं असतो?" मराठी चार इयत्ता शिकलेला मी काय सांगणार? म्हणालो, "देवाजवळ." तेव्हा मला ठाऊक असते, तर 'बैल हाय रं' म्हणून मोकळा झालो असतो. मग कदाचित तू आसामला गेलाच नसतास.

आपल्या नदीकाठच्या दातांची जिवंत गेंड्याच्या दातांशी गाठ घालायची, म्हणून तू महायुद्ध संपताच आसामला निघालास. इकडे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात शेजारचे दादू शेट यायचे. "काय अण्णा, पोरगं आसामात हाय न्हवं? एक शिंग धाडाया सांगा की. मूळव्याधीवर लय गुणाचं."

तू जाताना शिकवून गेला होतास तेच मी म्हणालो, "शेट, गेंड्याचं शिंग आन् आपलं नख एकाच जातीचं. सोताची नखं उगाळून घ्या, तेवढाच गुण!" त्यानंतर ते दुकानाची पायरी चढलेले नाहीत.

तू लिहायचास, गेंडा ठरल्या जागीच शेण टाकायला येतो, म्हणून चोरटे शिकारी त्या वाटेवरच खड्डा खणतात. बंदी असली तरी शिंगासाठी मारतात. "अण्णा, ते थोडेच उरलेत. जपले नाहीत तर तिथंही नुसते दातच सापडतील." वाचून मला मात्र तुझीच काळजी लागे. रागावू नको. बापाला आधी आपलेच पिल्लू दिसते. पाणी उकळून पितोस का? मच्छरदाणी लावतोस का? दर पत्रात विचारले. तू दातांची चित्रे काढून पाठवायचास. एक ओळ उत्तर लिहायला काय झाले होते रे तुला?

असो. दुपारचे ऐक.

सरांनी अंगणात गोणपाट उलगडले. तुझी आई चौकटीत उभी. अचानक तिने विचारले, "काय खात हुतं त्ये?"

"गवत, पाला," सर म्हणाले.

"मांस?"

"कधीच नाही."

ती पायरीवर येऊन बसली. "म्हातारं हुतं का?"

सरांनी दातावर बोट ठेवले. "नाही, माई. तरणं होतं. हे दात झिजलेले नाहीत. शेवटची दाढ तर अजून पुरती वर आलेली नाही."

तिने वाकून ती दाढ बघितली. मग म्हणाली, "ह्याची बी आई आसंल की. तिला बी कळलं नसंल, कुठं पडलं त्ये."

तिने आपला धुतलेला पदर पुढे केला आणि जबड्यावरची माती पुसली, भूपाल. स्वतःच्या हाताने. मग मला म्हणाली, "आज आत ठिवा. भाईर दव पडतंय."

तो आता माजघरात आहे. उद्या आम्ही दोघेही सरांबरोबर निघतोय. ती म्हणते, कुठे ठेवतात ते बघितल्याशिवाय यायची नाही. मिरजेला गाडी बदलताना हमालाकडे देणार नाही, मांडीवर घेऊन बसेन. वाटेत कुणी विचारले, तर तुझ्यासारखेच खरे सांगेन. सर म्हणालेत, जबड्याखालच्या पाटीवर तो ज्याला सापडला त्याचे म्हणून तुझे नाव लागेल; ते बघेन, आणि आईला ते वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचून दाखवीन. आवाज फुटला नाही, तर फुटेपर्यंत तिथेच उभा राहीन. हा माझा शब्द.

तुझा,
अण्णा